रात्रीच्या जेवणाची वही

६ जानेवारी २०२५, सोमवार

बेघरांना रात्रीचं जेवण वाटण्याची पहिली फेरी. ६० डबे भरले, ४१ वाटले, १९ परत आले. स्वयंसेवक नऊ होतो, चार पुरले असते. डबा देणाऱ्याच्या मागे बाकीचे नुसतेच उभे, त्यामुळे घेणाऱ्याला उगाच आठ जणांच्या नजरेखालून जावं लागलं.

तीन थांबे ठरवले होते: स्टेशनाबाहेरचा फूटपाथ, हॉस्पिटलचं मागचं गेट आणि पुलाखालची जागा. पहिल्या दोन ठिकाणी डबे पटापट गेले. पुलाखाली साडेआठला पोचलो तर चिटपाखरू नाही. गुंडाळलेली अंथरुणं होती, माणसं नव्हती. एक आजोबा खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "दहाच्या आत इथे कोण येतंय? भंगार विकून, हातात काय पडेल ते घेऊन मग येतात सगळे." आम्ही महिनाभर बैठका घेतल्या, जागा टिपल्या, याद्या केल्या. त्या जागेवर रात्री एकदाही जाऊन बसलो नव्हतो.

हॉस्पिटलच्या गेटवर बेघर कमी, रुग्णांचे नातेवाईक जास्त. आमच्या यादीत ते नव्हतेच. एका ताईंनी डबा घेण्याआधी विचारलं, "मी बेघर नाहीये, चालेल का?" चालेल. भूक लागलेला माणूस रांगेत उभा राहील, चौकशी होणार नाही. हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

परत आलेले १९ डबे टाकून दिले. त्यावर मात्र वाद झाला. "दोन तास आधी चांगलं होतं ते आता वाईट कसं?" याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

८ जानेवारी, बुधवार

उत्तरासाठी थर्मामीटर आणला. आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिला. शून्य दाखवायला हवा, दोन दाखवत होता. तेवढं वजा धरायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची साधी पाच सूत्रं आहेत, त्यातलं आमच्या कामाचं एवढं: शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवा, नाहीतर ५ च्या खाली. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून बाहेरच्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पूर्ण शिजलं म्हणायचं तर आत किमान ७० अंश यायला हवेत.

आमचं मोजमाप: पातेल्यात ८४, डब्यात भरल्यावर ७१, क्रेटमध्ये पाऊण तासाने ५२. म्हणजे पहिला डबा हातात जाण्याआधीच घड्याळ सुरू झालेलं असतं. एकेकटा डबा फार लवकर निवतो. चारी बाजूंनी उघडा आणि आत जेमतेम अर्धा किलो. तेवढंच अन्न जाड भिंतींच्या मोठ्या थर्मास डब्यात एकत्र ठेवलं, तर दोन तासांनीही ६८ होतं.

तेव्हा डबे बंद. मोठ्या थर्मासमधून जागेवर वाढायचं. ज्यांना बरोबर न्यायचं असेल त्यांनाच भरून द्यायचं. पुलाखालचा थांबा शेवटी, दहाला.

११ जानेवारी, शनिवार

जागेवर वाढण्याचा पहिला दिवस. तिन्ही थांबे मिळून ६३ जण जेवले. पुलाखाली शेवटच्या नऊ जणांना अर्धंच मिळालं.

कारण सोपं आहे आणि थोडं लाजिरवाणं. रांग सुरू होते तेव्हा भांडं भरलेलं असतं आणि हात सैल असतो. समोरचा "अजून थोडा" म्हणतो, आपल्याला उदार वाटतं. तळ दिसू लागला की हात आखडतो. आपल्या औदार्याची किंमत शेवटचा माणूस मोजतो, आणि शेवटी बहुधा तोच असतो ज्याला चालवत नाही.

हिशेब परत मांडला. माणशी पाऊण मूठ वगैरे अंदाज बंद. कच्चा तांदूळ माणशी ७५ ग्रॅमच्या आसपास. शिजून तो पावणेतीन पट होतो, म्हणजे ५ किलोचा पावणेचौदा किलो भात. ६५ जणांना साधारण २१० ग्रॅम. आमच्या डावात सपाट भरून १०५ बसतो. तर माणशी दोन डाव, सपाट, सगळ्यांना सारखे. भात एकाच्याच हातात, रस्सा दुसऱ्याच्या. वाढण्याआधी एकाने रांगेच्या शेपटापर्यंत चालत जाऊन डोकी मोजून यायची. दुसरी वाढ हवी असेल तर सगळ्यांचं एकदा झाल्यावर.

१५ जानेवारी, बुधवार

पाऊस. २३ जण. बाकीचे कुठे गेले असतील कोण जाणे. पावसात भूक थांबत नाही, रांग मात्र थांबते. आडोशाची जागा शोधायला हवी.

१८ जानेवारी, शनिवार

आज एका नव्या मुलाने फोटो काढला. वाईट हेतू नव्हता. घरी दाखवायला, मित्रांना उत्साह यावा म्हणून. रांगेत चौथा असलेला माणूस फोन वर झालेला पाहून वळला आणि निघून गेला. मी मागे गेलो, पण त्याने हातानेच "राहू द्या" केलं. आज रात्री तो आमच्यामुळे उपाशी राहिला.

१८४७ साली आयर्लंडमधल्या दुष्काळात आलेक्सी सोयेर या नामांकित स्वयंपाक्याने डब्लिनमध्ये मोठं स्वयंपाकघर उभारलं. कामाचा माणूस होता. थोड्या वेळात हजारोंना खाऊ घालायची व्यवस्था त्याने खरोखर बसवली: घंटा वाजली की एक तुकडी आत, घंटा वाजली की बाहेर. पण चमचे टेबलाला साखळीने बांधलेले होते, आणि शहरातली प्रतिष्ठित मंडळी पैसे भरून गरिबांना जेवताना बघायला येत. साखळी आम्ही बांधत नाही. बघायला येणाऱ्यांच्या हातात फक्त तिकिटाऐवजी फोन आला आहे.

नियम: रांगेजवळ फोन खिशात. फोटो हवाच तर पातेल्याचा.

२७ जानेवारी, सोमवार

वहीत नवा रकाना पाडला: "टाकलेलं". किती वाटलं ते आम्ही पहिल्या दिवसापासून लिहितो, आणि तो आकडा बघून खूश होतो. जेवण झाल्यावर कचऱ्याच्या पिशवीत काय आहे, ते आज पहिल्यांदा हातमोजे घालून पाहिलं. भात जवळजवळ नाही. रस्सा नाही. गाजराचे कच्चे तुकडे ओंजळ ओंजळ, आणि सफरचंदं, एकेक चावा घेतलेली. दोन तर न चावलेली.

पौष्टिक म्हणून सफरचंद घेतलं होतं. आजोबांना विचारलं. त्यांनी काही न बोलता तोंड उघडून दाखवलं. पुढचे चार दात नाहीत, मागच्यांचा भरवसा नाही. वर्षानुवर्षं रस्त्यावर राहणाऱ्यांचे दात आधी जातात, ही गोष्ट आमच्यातल्या एकालाही सुचली नव्हती. सफरचंदाऐवजी केळं: मऊ, स्वतःचं आवरण घेऊन येणारं, न धुता खाता येणारं. भाज्या रश्श्यातच, बोटाने चिरडतील इतक्या शिजवून.

३ फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस.

स्वयंपाक सांभाळणाऱ्या काकूंना संध्याकाळी जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी दुपारी दोनलाच भात आणि रस्सा करून, झाकण लावून ठेवला. मी सातला पोचलो. भात बाहेरून कोमट, मधोमध ४३ अंश. पाच तास. काकू फोनवर म्हणाल्या, "चांगला वाफ येईपर्यंत गरम कर, काही होत नाही. आपण घरी नाही का करत?"

घरी करतो. पण भातात बॅसिलस सेरेयस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उठतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष उष्णता पचवतं, परत कितीही उकळवा, ते तसंच राहतं. रश्श्याच्या मोठ्या भांड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या दुसऱ्या जंतूचे बीजाणूही असेच तगतात आणि वाढतात. घरी कोणाचं पोट बिघडलं तर संडास आहे, पाणी आहे, पलंग आहे. फूटपाथवर झोपणाऱ्याला रात्रीत दहा वेळा उलटी-जुलाब झाले तर त्याने जायचं कुठे?

टाकलं. ७० जणांचं. हे लिहिताना अजून हात जड होतो. काकूंचं रडू आलेलं मला फोनवर कळलं.

उरलेल्या दोन तासांत अंडी उकडली, पाव आणि केळी गोळा केली. पुलाखाली सगळं खरं सांगायला सुरुवात केली: भात खराब होण्याची शक्यता होती, त्यामुळे आम्ही... तेव्हा एक मावशी मध्येच म्हणाल्या, "आज कमी आहे एवढं सांग बाबा. कारणं आम्ही दिवसभर ऐकतो."

५ फेब्रुवारी, बुधवार

काकू आल्या. मी माफी मागितली. चूक त्यांची नव्हती, वेळेचा नियम मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता.

शिजवलेलं अन्न थंड करून ठेवायचंच असेल, तर व्यावसायिक स्वयंपाकघरांत चालणारा आडाखा असा: ६० च्या आसपासपासून २१ अंशांपर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. खोल पातेल्यात हे होत नाही, मधला गाभा तासन्‌तास ऊब धरून बसतो. पसरट ट्रेमध्ये दोन-तीन बोटं जाडीचा थर करावा लागतो, शिवाय पुरेसा मोठा फ्रिज. आमच्याकडे दोन्ही नाही. त्यामुळे थंड करायचंच नाही. सातच्या आत आच नाही, नऊच्या आत गाडी बाहेर, शेवटचा थांबा झाला की उरलेलं संपलं. कोणी बरोबर नेत असेल तर डब्यावर स्केचपेनने वेळ: "रात्री १२ पर्यंत खा." वाचता येत नसेल तर तोंडी.

काकूंनी नियम ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग फेऱ्या तीनऐवजी दोन करा, पण मला सातला मदतीला माणूस द्या." फेऱ्या तीनच ठेवल्या. माणूस दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

स्टेशनाबाहेर एक तरुण मुलगा, भिंतीला टेकलेला, डोळे उघडे. पाच-सहा दिवस नीट काही पोटात नाही, असं शेजारच्याने सांगितलं. आमच्यातला एक जण लगेच दोन ताटं भरून घेऊन निघाला. आमच्याबरोबर येणाऱ्या नर्सताईंनी त्याचा हात धरला.

हे मला नवीन होतं. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर, त्यातही पिष्टमय अन्न मिळालं, तर इन्शुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर पेशींत ओढलं जातं. रक्तात ते कमी पडलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या, उपासमारीने खंगलेल्या कैद्यांमध्ये हे प्रकर्षाने दिसलं: अन्न मिळाल्यावर माणसं दगावली. पाच दिवसांहून अधिक जवळजवळ काहीच न खाल्लेला माणूस डॉक्टरांनी बघायला हवा.

त्याला घोट घोट पाणी आणि चार चमचे रस्सा दिला. ताई त्याच्याबरोबर रिक्षाने दवाखान्यात गेल्या. तपासणाऱ्यांना त्यांनी उपासाचे दिवस स्पष्ट सांगितले, बी-१ जीवनसत्त्वाची आठवण करून दिली. दाखल करून घेतलं. रात्री एकला ताईंचा मेसेज: "झोपलाय."

ताट घेऊन निघालेला आमचा मित्र घरी जाईपर्यंत गप्प होता.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रांगेत भांडण. मागच्याने पुढच्याला ढकललं, ताट सांडलं, शिव्या. नवे दोघं स्वयंसेवक वैतागले: "फुकट मिळतंय तरी भांडतात."

नर्सताईंनी गाडीत एक प्रयोग सांगितला. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. स्वेच्छेने आलेली, समजूतदार माणसं. काही आठवड्यांत ती चिडकी झाली, एकलकोंडी झाली, दिवसरात्र अन्नाचंच बोलू लागली, ताटं चाटू लागली. त्यांना प्रयोग कधी संपणार ती तारीख माहीत होती.

पुढच्या आठवड्यापासून रांगेत एक जण फक्त उभा राहण्यासाठी. वाढायचं नाही, गप्पा मारायच्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शनिवारी सणाचा दिवस होता. २६ स्वयंसेवक, शिवाय त्याच फूटपाथवर आणखी तीन गट अन्न घेऊन हजर. लोकांकडे चार-चार पुड्या. आमचं निम्मं उरलं, "टाकलेलं" रकान्यात आजवरचा सर्वांत मोठा आकडा. आज सोमवार. आम्ही तिघं, आणि दुसरं कोणीही नाही.

तिन्ही गटांशी बोललो. दोघांनी वारांचा तक्ता वाटून घेतला. तिसऱ्याने सांगितलं की त्यांना सणालाच जमतं. बरं.

रात्री अकराला फोन: एका समारंभातलं ८० जणांचं अन्न उरलंय, घेऊन जा. कधी शिजलं? दुपारी असेल. कुठे ठेवलंय? टेबलावर. नाही म्हटलं. पलीकडचे भडकले, अन्नाचा माज वगैरे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाच्या सुमारे १९ टक्के. आकडा वाचून पोटात खड्डा पडतो. पण वाया चाललेलं अन्न आणि भुकेलेला माणूस यांची नुसती गाठ घालून चालत नाही, मध्ये किती वाजलेत हा प्रश्न येतो. त्यांना एवढंच सांगितलं की पुढच्या वेळी समारंभाआधी फोन करा, आम्ही गरम भांडी घेऊन पंगत उठायच्या आधी येऊन थांबतो.

५ मार्च, बुधवार

देणगीत आलेले झटपट शेवयांचे दोन खोके परत. चूल नाही, पाणी उकळायला भांडं नाही, तर त्या शेवया कोरड्याच चावायच्या. टिनचे डबे आले होते तेही तसेच: उघडायचे कशाने?

१२ मार्च, बुधवार

पुलाखालचा एक जण आता रोज रांग लावतो. आम्ही सांगितलं नव्हतं. साडेनऊपासून तोच डोकी मोजतो, गाडी दिसली की आकडा ओरडतो, आणि तो कधी चुकत नाही. त्याच्या दोन सूचना. एक: बायकांची रांग वेगळी, आणि दिव्याखाली. आम्ही रांग अंधाऱ्या बाजूला लावत होतो, लोकांना संकोच नको म्हणून. म्हणूनच बायका येत नव्हत्या. आज सात जणी जास्त.

दुसरी: त्याने वहीत डोकावून विचारलं, "लाभार्थी म्हणजे आम्ही का?" हो म्हटलं. "कसला लाभ झाला?" तो हसला, मीही हसलो, पण शब्द खोडला. आता रकान्यावर "जेवणारे" लिहिलंय.

२२ मार्च, शनिवार

हात धुण्याचं. महिनाभर नळ लावलेला वीस लिटरचा कॅन गाडीच्या मागे ठेवत होतो, साबण बांधून. कोणी फिरकत नव्हतं, आणि आमच्यातले काही "सवयच नाही यांना" म्हणून मोकळे. आज कॅन रांगेच्या तोंडाशी ठेवला, ताटाच्या आधी. वीस लिटर पुलाखालीच संपलं. कोणी तोंड धुतलं, एका मावशींनी नातवाचे पाय. पुढच्या वेळी दोन कॅन.

जेवणारे ७१. उरलं दीड किलो. टाकलेलं जवळजवळ नाही.

२९ मार्च, शनिवार

आजोबा सलग तिसऱ्या फेरीला नाहीत. अंथरूण जागेवर आहे. रांग लावणाऱ्याला विचारलं, त्यालाही माहीत नाही. हॉस्पिटलच्या गेटवर वर्णन सांगून आलो. आमच्याकडे त्यांचं नावसुद्धा नाही. कोणाचंच नाव विचारायचं नाही असं आम्हीच ठरवलं होतं. अजूनही ते बरोबरच वाटतं, पण आज त्यांना शोधायला काही हाताशी नव्हतं.

त्यांचं केळं वेगळं काढून ठेवलं होतं, ते मुलांना दिलं.

२ एप्रिल, बुधवार

जेवणारे ६८. उरलं: एक डाव भात. भाताचा डाव मुठीतून निसटून मोडला. नवा घेताना १०५ ग्रॅमचाच बघणे. थर्मामीटरचा सेल बदलणे. शनिवारी गाडी चालवणाऱ्याला सुट्टी हवी आहे, बदली अजून मिळालेली नाही.

स्टेशनाजवळ गाडीचं चाक पंक्चर झालं, त्यामुळे पुलाखाली पोचायला उशीर. आजोबा खांबाला टेकून, पायाला प्लास्टर, शेजारी कुबडी. कुठे होता, काय झालं, काहीच बोलले नाहीत. मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ दाखवून म्हणाले, "दहा म्हणजे दहा. आता वीस मिनिटं वर झाली."

दोन डाव, सपाट. भाजी मऊ होती.